लाल थरातली चूल

३ ऑगस्ट
आंटी ड्युल्सी अजून ‘नाही’वरच! मूत्रपिंडं गेली, डायलिसिस किनाऱ्यावरच्या शहरात. डॉक्टर म्हणतो, तिकडेच राहायला जा, नाहीतर डिसेंबरातला उन्हाळा दिसायचा नाही. मीही येते म्हटलं बरोबर. ही म्हणते, “आपली माणसं हे तळं सोडून कधी गेली नाहीत. मी काय आभाळातून पडले?”

तळं म्हणे! हजारो वर्षं थेंब नाही त्यात. पण आईमागे हिनेच वाढवलं मला. भांडणार तरी कशी? — भांडतेच आहे, रोज.

६ ऑगस्ट
आज कामावर लॉटरी लागली! रेंजरची नोकरी म्हणजे एरवी माश्या हाकलणं. पण उत्खननवाल्या फर्गसने तळ्याकाठच्या टेकाडाची कापलेली बाजू दाखवली. खाली राखाडी थर — तेव्हा तळं तुडुंब. चुलीच चुली, शिंपले, माशांची हाडं. त्यावर लाल थर — पाणी आटलेलं, नुसती धूळ. चूल एकही नाही! त्यावर पुन्हा राखाडी, पुन्हा चुली.

म्हणजे तळं आटलं की पूर्वज चक्क निघून जायचे, भरलं की परत. आता सापडली आंटी कचाट्यात!

७ ऑगस्ट
आंटीला टेकाडापाशी नेलं. माझा दंड घट्ट धरलेला, तोंडाचा पट्टा चालू. फर्गसला म्हणाली, “पोरा, टोपी घाल, टोमॅटो झालायस!” मग मी थरांची गोष्ट सांगितली, तिने लाल थरावरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाली, “बरं, येते. पण किटली माझीच न्यायची.” मी तिथेच नाचले.

११ ऑगस्ट
आंटीने बॅग भरली. उपसली. पुन्हा भरली.

१३ ऑगस्ट
काल जोराचा वारा सुटला होता. आज बघते तर लाल थराची कड ढासळलेली आणि आत — चूल! इवलीशी. भाजलेली माती, एका सरड्याची हाडं, बस्स. सगळे गेले तरी कोणीतरी राहिलं होतं.

आमच्यात असं काही सापडलं की थोरांना दाखवल्याशिवाय झाकायचं नाही. थोर म्हणजे आंटीच! दाखवलं तर बॅग उपसणार, नक्की. गुपचूप वाळू लोटून टाकू? फर्गस म्हणाला, “तुमची माणसं, तू ठरव.” सुटला मेला!

१४ ऑगस्ट
दाखवली. आंटी चुलीशी बसून राहिली, मग हळूहळू हाताने वाळू लोटू लागली. “एकाच माणसाचं जेवण गं हे,” म्हणाली. “कोणाशी बोलली असेल ती?” उठायला हात पुढे केला. “मला नाही असं राहायचं. गाडी काढ.”