फौजदारबाईंच्या गाडीला घरची हवा

अक्कांना नमस्कार. माझ्या गुडघ्यांनी वाकायचं सोडून दिल्यामुळे तो उभ्यानेच केला आहे, पण वाकून केल्यासारखा मानून घ्यावा. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचं कळलं, जिवाला बरं वाटलं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही, वाकायचं नाही आणि जड उचलायचं नाही असं बजावलंय म्हणे. (असा डॉक्टर मला तरुणपणी भेटायला हवा होता.) आता वाचायचंच नाही म्हटल्यावर हे पत्र तुम्हाला दुसरं कोणीतरी वाचून दाखवत असणार. कोण, ते मी विचारत नाही. तुमच्या घरात सध्या तुमच्याशिवाय एकच जण आहे आणि तिचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. म्हणजे तुम्ही दोघी मिळून जेमतेम एक धड माणूस होता. हे सगळं मला ठाऊक आहे, तरी विचारत नाही. पत्र तुम्हाला आहे. वाचणारीने नुसतं वाचावं, नाक मुरडू नये, आणि अडचणीची जागा आली की दोन पानं एकदम उलटू नयेत.

तर अक्का, तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्या, म्हणून आधी तुमच्या कानावर घालतो. मी फौजदारबाईंच्या गाडीला हात लावला. (लेकीला हे नाव मीच ठेवलं. चार वर्षांची असताना तिने माझ्या मित्राला दारात अडवून कुठून आलात, कशाला आलात, किती वेळ बसणार, अशी चौकशी केली होती. तो बिचारा पाणीही न पिता गेला.) तिचा चार टनी ट्रक दीड महिना आमच्या दारात उभा आहे. हात मोडला की माणूस आईबापांकडे येतं. आमच्या फौजदारबाईंनी गाडी आईबापांकडे पाठवली आणि स्वतः मावशीकडे गेल्या. आता सोमवारी प्लास्टर निघणार आणि मंगळवारी तिची एक मैत्रीण येऊन परस्पर गाडी घेऊन जाणार, असा निरोप तुमच्या बहिणीला आला. मला निरोप येत नाहीत. आठ महिने झाले, मला काहीच येत नाही.

कारण तुम्हाला कळलेलं असणारच, आणि सांगताना तुमच्या बहिणीला तिखटमीठ लावायची गरजही पडली नसेल. ज्या दिवशी ती नवी गाडी घेऊन दारात उभी राहिली, त्या दिवशी मी पेढे वाटल्यासारखं तोंड करायचं सोडून पंचनामा करायला लागलो. अहो, तीस वर्षं ट्रक चालवलाय मी. रस्ता काय चीज असते ते मला माहीत. पोरगी एकटी जाणार म्हटल्यावर मला एकेक आडरान आठवायला लागलं. पण माझं असं आहे, की पोटात काळजी असली तरी तोंडापर्यंत येईतो तिचं भांडण झालेलं असतं. मी म्हणालो, ‘आडरानात टायर बसला तर हवा कोण भरणार? तुझा बाप?’ आता हे वाक्य आम्ही ड्रायव्हर लोक दिवसातून दहा वेळा एकमेकांच्या अंगावर फेकतो, त्यात खरा बाप कुणाचाच नसतो. इथे मात्र बाप मीच होतो. तिने शांतपणे सांगितलं, ‘नाही, तो नाही भरणार.’ गाडी वळवली आणि गेली. दुसऱ्याच दिवशी वेगळी खोली घेतली. वळवताना आरशात एकदाच बघून वळवली हेही मी पाहिलं. (चांगली वळवते. हे वाचणारीने दोनदा वाचावं.)

पुढचं तुम्हाला माहीत आहे. टायर खरोखरच बसायला लागला, पायपंपाने ती रोज हवा भरायची, आणि एक दिवस ओल्या रस्त्यावर पंपावरून पाय सटकून हातावर पडली. गाडी आमच्याकडे आली तेव्हा तो पंप सीटखालीच होता. मी सहज म्हणून एका टायरला लावून बघितला. मोजून दीडशे वेळा दाबला आणि पायरीवर बसलो. टायर होता तसाच. तुमच्या बहिणीने पाणी आणून दिलं. तिथेच मी ठरवलं. मोठ्या ट्रकना हवेचे ब्रेक असतात, म्हणून हवा भरणारं मशीन, म्हणजे कॉम्प्रेसर, गाडीतच असतं आणि हवा त्यांच्या घरची असते. लेकीच्या गाडीचे ब्रेक तेलाचे, म्हणजे हवेसाठी कुणाच्या तरी दारात जाणं आलं. तर तिच्याही गाडीत कॉम्प्रेसर बसवायचा.

तीस वर्षं गाडी चालवली म्हणजे गाडीचं काम येतं, असा माझा समज. तीस वर्षं जेवलं म्हणून स्वयंपाक येत नाही, असं तुमची बहीण. सामान आणलं: बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, नळ्या, आणि एक दाबाचा स्विच. हा स्विच फार गुणी. टाकीतला दाब कमी झाला की मशीन आपोआप चालू, पुरेसा झाला की आपोआप बंद. (पुरेसं झालं की गप्प बसायचं, एवढी अक्कल माणसाच्या तोंडाला असती तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.) पहिल्यांदा मी सगळा संसार इंजिनाशेजारी मांडला. जागा रिकामी होती. ती का रिकामी ठेवलेली असते, ते इंजिन चालू केल्यावर दहा मिनिटांत कळलं. जळका वास सुटला. मी घराकडे तोंड करून ओरडलो, गॅसवर काय ठेवलंय? ती घरातून ओरडली, गाडीत काय पेटवलंय? तिचं बरोबर निघालं. नळी वितळून सायलेन्सरच्या पाइपाला चिकटली होती, ती मी दोन दिवस खरवडत होतो.

मग सीटच्या मागे बसवायचं ठरवलं. तिथे एक गोधडी होती, नीट चार घड्या घातलेली. एक उशी. पाण्याची बाटली. दारूचं काही नव्हतं. (मी शोधत नव्हतो.) मी गोधडी उचलून बाहेर ठेवली आणि टाकी आत सरकवायला लागलो, तर तुमच्या बहिणीने माझा हात धरला. म्हणाली, ‘अहो, तिथे तिचं डोकं असतं.’ अक्का, माझी लेक त्या दीड हात जागेत पाय दुमडून झोपते, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मीही तशीच झोप काढायचो, तीस वर्षं, पण ते वेगळं वाटायचं. मी टाकी बाहेर काढली. गोधडी पुन्हा घालायला घेतली तर तिच्यासारखी घडी जमेना, तीन वेळा उलगडली. शेवटी तुमच्या बहिणीने घातली.

शेवटी मुक्काम पडला गाडीच्या खाली, चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या कडेला. चासीला भोक पाडायचं नसतं, हे मला वेल्डरने सांगितलं, पण मी ड्रिल टेकवल्यावर सांगितलं. हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतो, सहा फूट उंच, आणि बोलला तर लोखंडाशी बोलतो. त्याने आधीच असलेल्या भोकांवर बसेल अशी पट्टी करून दिली, बॅटरीजवळ फ्यूज टाकायला लावला, आणि जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, ‘मुलीसाठी ना? मग घाई नको.’ मी घाई सोडली.

तरी एक भानगड राहिलीच. सगळं जोडलं, टाकी भरली, मशीन बंद झालं, आम्ही चहाला बसलो. कप तोंडाला लावला तर बाहेर घुर्रर्र. गाडीत कोणी नाही आणि मशीन चालू! पाच मिनिटांनी पुन्हा. शेजारचा शिंपी येऊन विचारून गेला, गाडीत काही जनावर ठेवलंय का. हवा कुठेतरी गळत होती आणि तो गुणी स्विच इमानाने भरत होता. तेव्हा तुमच्या बहिणीने साबणाचा फेस केला. गळती असेल तिथे फुगा येतो. पण बघायला खाली जायला हवं, आणि माझे गुडघे हे असे. ती म्हणाली, वाकता येत नसलं तरी आडवं पडता येतं ना? मग आम्ही दोघं भर दुपारी गाडीखाली चटई टाकून शेजारी शेजारी उताणे पडलो. अकरा जोड होते. नऊ जोडांना फुगे आले. एक तर असा मोठा आला, की तिच्या नाकावर फुटला, आणि तुमची बहीण हसली, अक्का. आठ महिन्यांनी हसली. शिंपीण बाहेरून पायच तेवढे बघून विचारत होती, तुम्ही दोघं बरे आहात ना? मी सांगितलं, बरे आहोत.

नऊच्या नऊ जोड पुन्हा घट्ट केले. आता मशीन बिनकामाचं बोलत नाही. मागे नळ आहे, नळी लांब आहे, सगळ्या चाकांपर्यंत पोचते. चावी फिरवायची, बटण दाबायचं, शेजारी उभं राहायचं. सहाच्या सहा टायर भरून पाहिले, टणाटण आहेत. फौजदारबाईंना हे सांगावं की सांगू नये, एवढाच सल्ला तुमच्याकडे मागतो. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.

तुमच्या बहिणीने आजवर पदरात घेतलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. पायपंप मी वेल्डरला देऊन टाकला आहे. तो आता घरात नाही, शेजाऱ्यांकडे नाही. वाचणारीने नोंद घ्यावी.

ता. क. दुसरा. सहाच्या सहा टायर टणाटण आहेत, हे खरं नाही. पाचच आहेत. पुढचा डावा भरून झाल्यावर मी स्वतः हवा सोडून बसवून ठेवला आहे. मैत्रीण मंगळवारी आली तर तिला गाडी हलवता येणार नाही, आणि बटण कुठे आहे ते मी तिला सांगणार नाही. ज्याची गाडी त्याने यावं.

ता. क. तिसरा. अक्का, आता क्षणभर कानावर हात ठेवा, हे तुम्हाला नाही. बाळ, माझं चुकलं हे मी वर कुठेच लिहिलेलं नाही, ते अशासाठी की ते तुलाच मोठ्याने वाचावं लागलं असतं, आणि बापाची माफी मुलीने स्वतःच्या तोंडाने म्हणायची हे काही बरं नाही. ते मी समोर बोलेन. तो टायर भरायला अठरा मिनिटं लागतात, घड्याळ लावून पाहिलंय. तेवढा वेळ तुला गाडीपाशी उभं राहावंच लागेल, आणि मला तेवढा पुरेल असं वाटतं. नाही पुरला, तर आणखी पाच टायर आहेत.