तटाला पोट आलंय

सोमवार
ती. आईस,
सा. न. वि. वि.
बेटावर सुखरूप पोचले. मावशीचं घर जुन्या बंदराच्या तटाला पाठ लावून उभं आहे. वर भाड्यानं राहणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्या, खाली त्यांच्या न्याहारीची. खिडकीतून शिडाच्या होड्या दिसतात. पण आई, मला धडकी भरली आहे. न्याहारीच्या खोलीत तटाला चक्क पोट आलंय. दारं अडकतात, भेगेतून माती गळते. गवंड्यानं कानाला हात लावला, म्हणाला इथं राहू नका. पाहुण्यांना मी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या पाहुणघरात हलवलं, म्हणून मावशी चिडली आहे. मुद्दाम त्याच खोलीत खाट टाकून झोपते. म्हणते, एवढा पुराणा तट तुझ्या भीतीनं पडणार का! तूच काही सुचव.
रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

बुधवार
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून लगेच लिहायला बसले. माझी बहीण समजावून ऐकणारी नाही. तिला सांग, ताई अंथरुणाला खिळली आहे, तुझंच नाव घेते. खोटेपणाचं पाप माझ्या माथी. तूही त्या भिंतीपाशी फिरकू नकोस.
जिवाला जप.
आई

शनिवार
ती. आईस सा. न.
आजाराचं ऐकलं मात्र, मावशी कणीक तशीच टाकून बोटीवर चढली. किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या. मला तिच्याकडे बघवेना.
दुपारी तट खाली आला. मी धक्क्यावर होते. आधी कौलं खडखडली, मग कानठळ्या बसवणारा आवाज आणि धूळ. न्याहारीची खोली उरली नाही. तिची खाट दगडांखाली आहे. कुणाला खरचटलंही नाही. तिला कसं सांगशील गं?
तुझ्या मायेवर भार टाकून,
धाकटी

मंगळवार
चि. धाकटीस आशीर्वाद.
ती आली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. मला धडधाकट बघून तिनं पिशवी आपटली, नाही नाही ते बोलली. आज सकाळी तशीच परत निघाली होती, तेवढ्यात तुझं पत्र आलं. तेच तिच्या हातात दिलं. वाचून उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, आता घरासाठी ऊर बडवील. घराबद्दल अक्षर बोलली नाही. सारा जन्म त्या बंदरात काढलेली बाई, आणि मलाच विचारत होती, धक्का तटापासून लांब आहे ना गं ताई? पोरीला दगड लागला नसेल ना? लांब आहे म्हटलं, तरी पुन्हा पुन्हा विचारते.
मिळेल त्या बोटीनं ये. तुला डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती घास घेणार नाही, आणि मीही नाही.
तुझी वाट पाहणारी,
आई