साडेआठची नोंद

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
४ एप्रिल

चि. विलास यास तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तूही तो धड उचलत नाहीस, तेव्हा पत्रच बरं. गुडघ्यापायी तुझ्या ताईकडे, अलकनंदाकडे आलो त्याला या महिन्यात तीन वर्षं झाली. इथे सगळं आहे. समुद्र नाही. मला यंदा रत्नागिरीला यायचं आहे. अलकनंदाच्या ऑफिसची प्रवाससवलत, एलटीसी, शिल्लक आहे, ती घेऊन येईल. ब्याऐंशी पूर्ण झाली, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ हे मी आता बोलत नाही.

एकतीस वर्षं तिथल्या वेधशाळेत पाऊस-वारा मोजला आणि आता पर्यटकासारखं तुला विचारतोय, कधी येऊ?

आणखी एक. अंगणातला आपला पर्जन्यमापक तुझ्या हवाली करून आलो आहे. एक जूनपासून रोज सकाळी साडेआठची नोंद घे आणि महिन्याचा कागद पाठव. तेवढाच पाऊस मला मिळेल.

लोभ आहे तो उन्हाळ्यात आटू देऊ नये.
तात्या

रत्नागिरी
२२ एप्रिल

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

आत्ता मुळीच नको. घामाने पंचा पिळावा लागतो. मे महिना तसाच, वर आंब्यासाठी आलेल्यांची झुंबड. जून ते ऑगस्ट तुम्हाला मी काय सांगायचं? पायऱ्यांवर शेवाळ आणि तुमचा गुडघा, यांची गाठ पडायला नको. गणपतीत गाड्या मिळत नाहीत. ऑक्टोबरात ऊन चटके देतं. डिसेंबरात या. हवा कोरडी, समुद्र शांत, संध्याकाळी पातळ शाल पुरते.

बर्फाच्या कारखान्यात दोन्ही पाळ्या चालू आहेत, मला उसंत नाही. एकटा जीव, बरा आहे. ताईला सांगा, ती दिल्लीत ज्याला हवा म्हणते त्याला आमच्याकडे धूर म्हणतात. नोंदी न चुकता पाठवतो.

ताईला नमस्कार, सुधन्वाला आशीर्वाद. असाच जीव लावत राहा.
आपला,
विलास

लक्ष्मीबाई नगर
९ ऑगस्ट

चि. विलास यास अ. उ. आ.

जून-जुलैचे कागद मिळाले. अक्षर सुधारलं आहे. वेधशाळेचा आकडा सुधन्वा मला रोज फोनवर बघून सांगतो. परवा त्याने विचारलं, आजोबा, पागोळ्या म्हणजे क्या? दिल्लीत वाढलेलं पोर, त्याला छपरावरून पाणी ओघळताना दाखवायला हवं. तेही डिसेंबरात जमायचं नाही.

तुझ्या नोंदींबद्दल एक विचारायचं होतं. राहू दे, भेटीत बोलू. तुला आधी काही सांगावंसं वाटलं तर सांग. मी रागावणार नाही.

कॅनव्हासचे बूट घेतले आहेत. घरातल्या घरात घालून बघतो.

माया पातळ होऊ देऊ नये.
तात्या

रत्नागिरी
२८ नोव्हेंबर

विलास,

आशीर्वाद नंतर. हा पत्ता मला शेजारच्या विठ्ठलने दिला आणि मी तो तीन वेळा वाचला. मानेसर. म्हणजे माझ्या घरापासून दोन तासांवरचं मानेसर. तू फोन उचलत नाहीस, म्हणून त्याच्याच पडवीत बसून लिहिते आहे.

मुंबईचं ऑफिसचं काम एक दिवस आधी संपलं. म्हटलं, तात्यांना आणण्याआधी घर बघून यावं, न्हाणीघरात धरायला दांडी लावून घ्यावी. येऊन बघते तर फाटकाला गंजलेलं कुलूप. मला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं आणि आम्हाला कोणी कळवलंच नाही. तशीच फाटकाबाहेरच्या पायरीवर बसले. मग विठ्ठल आला आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाला, की कारखाना बंद पडला, विलास दीड वर्षापूर्वीच तिकडे गेला, इथे आलेली पत्रं मी त्याला पाठवतो, तो उत्तरांचा गठ्ठा पाठवतो आणि मी इथून पेटीत टाकतो. त्या बिचाऱ्याला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे.

विठ्ठलच्या कुंपणातून अंगणात शिरले. पर्जन्यमापकावर वेल चढली आहे. नरसाळ्यात कुजकी पानं, आतली बाटली फुटलेली. आणि तू जुलैतल्या एका दिवसापुढे लिहिलंस, १४३.२ मिलिमीटर. अच्छा, वर दशांशसुद्धा!

दिवाळीत मी चकल्यांचा डबा कुरिअरने रत्नागिरीला पाठवला, तो विठ्ठलच्या मुलांनी खाल्ला. आणि तू मानेसरात बसून मला रत्नागिरीची थंडी वर्णन करून सांगत होतास. लाज कशी वाटली नाही रे?

तात्यांची बॅग पंधरा दिवसांपासून भरून दाराशी ठेवलेली आहे. त्यांना काय सांगू?

लोभाचं तूच ठरव.
ताई

मानेसर
५ डिसेंबर

सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उघडलं आणि ताट तसंच राहिलं. तू तिथवर पोचशील असं स्वप्नातही आलं नव्हतं.

गाड्यांचे पार्ट बनवतात तिथे स्टोअरमध्ये आहे, कंत्राटावर. सहाला कंपनीची बस, एका खोलीत चौघं. तात्यांना गाडीत बसवताना तू म्हणालीस, तूही दिल्लीला चल. तेव्हा सगळ्यांसमोर मी छाती ठोकून सांगितलं होतं, की समुद्र सोडून मी एक दिवस जगायचा नाही. मग कुठल्या तोंडाने येऊ? रविवारी इस्त्रीचा शर्ट घालतो आणि परत काढून ठेवतो. एकदा तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. तात्या बाल्कनीत उन्हाला बसले होते, अंगावर माझीच जुनी शाल होती. तसाच परत फिरलो.

ताई, पाया पडतो, त्यांना सांगू नकोस. समुद्रात वादळ आहे म्हण, फेब्रुवारीत जाऊ म्हण. तोवर पर्मनंट होईन. त्या माणसाने आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही गं. त्यांना हे कळलं तर ते माझं तोंड बघणार नाहीत.

रागाव, पण तोडू नकोस.
विलास

लक्ष्मीबाई नगर
११ डिसेंबर

चि. विलास यास, मु. मानेसर, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्ता बघून दचकला असशील. तुझं ताईला आलेलं पाकीट पोस्टमनने माझ्या हातात दिलं. फोडलं नाही, दुसऱ्याची पत्रं फोडायची आपल्यात रीत नाही. मागचा पत्ता तेवढा वाचला. माझ्या हातात ते पाकीट बघून अलकनंदा चहा टाकते म्हणून आत गेली आणि गॅस न पेटवताच उभी राहिली. मी तिला म्हटलं, विलास रत्नागिरीत नाही हे मला ऑगस्टपासून ठाऊक आहे. मग तिने मला तुझं पत्र वाचून दाखवलं.

तुझ्या एकसष्ट दिवसांच्या नोंदी वेधशाळेच्या आकड्यांशी दशांशापर्यंत जुळल्या. अरे, एकाच अंगणात दोन मापक ठेवले तरी दोन महिने सारखा पाऊस पडत नाही. आपलं घर आणि वेधशाळा यांत तर दोन मैल आहेत. तू फोनवरून उतरवतोस हे कागदातला पहिला आठवडा ताडून बघतानाच कळलं. घरी असतास तर एखाद्या दिवशी तरी मापकात डोकावला असतास, तेव्हा रत्नागिरीत नाहीस हेही कळलं. कुठे आहेस ते तेवढं कळेना.

आता माझं ऐक. तुझी आई शेवटची दवाखान्यात होती तेव्हा तीन दिवस मी मापकाकडे गेलोच नाही. तिच्या उशाशी बसून मनाने आकडे लिहिले. त्या वेळच्या नोंदवहीत ते अजून असतील, कोणी विचारलं नाही. तुलाही आज प्रथम सांगतो आहे. आकडा खोटा असला की घरात काहीतरी घडलेलं असतं, हे मी तेव्हा शिकलो. म्हणून रागावलो नाही. पण गप्प राहिलो आणि तू आपणहून सांगायची वाट बघितली, ते माझं चुकलं. तेव्हाच स्पष्ट विचारायला हवं होतं.

समुद्र काही जात नाही. बॅग मी रिकामी केली आहे, बूट बाल्कनीत घालतो.

तू मला रत्नागिरीचे बारा महिने लिहिलेस, मी दिल्लीचे लिहितो. आत्ता धूर आणि धुकं, खोकून छाती दुखते. जानेवारीत थंडी हाडात शिरते. एप्रिलात धूळ, मे-जूनमध्ये लूचा भाजणारा वारा. पावसाळ्यात नुसता घाम, आणि दिवाळीपासून पुन्हा धूर. पाहुण्याने यावं असा महिना मला साडेतीन वर्षांत सापडलेला नाही.

तेव्हा या रविवारी ये. सकाळी साडेआठला मी फाटकाशी उभा असेन.

लोभ आहे. तो मागावा लागत नाही.
तात्या