रपट्याचे सुधारित एस्टिमेट

१२ जानेवारी १९८३, सौंसर
आपल्या देशात बांधकाम महाग का होते, ते कळले. आधी विचार करत नाहीत. माझ्याकडे नाल्यावरचा रपटा आला आहे. बुटका पूल, तीन पाइप, अठरा हजार. अठरातूनही वाचवीन.

२० जानेवारी
साइट पाहिली. अलीकडे वस्ती, पलीकडे रस्ता आणि दवाखाना. वस्तीतला मजूर जयवंता म्हणाला, सून गुलाब पोटुशी आहे, आषाढातले दिवस, पुराच्या पहिले झालं पाहिजे साहेब. शब्द दिला. दगड नाल्यातच पडून राहिला, तोच घ्या, असेही म्हणाला. न तपासलेला दगड मी घेत नाही. नमुना पाठवला.

१८ फेब्रुवारी
साठ पोती सिमेंटचे परमिट मिळाले. भाव वाढण्याआधी साठही पोती उचलली. ठेवायला शेड भाड्याने घेतली. भाडे किरकोळ.

१४ मार्च
रिपोर्ट आला. दगड उत्तम. दरम्यान नागपूरहून फोडलेल्या दगडाची गिट्टी मागवून झाली होती. मुकादम दादाराव म्हणाला, दगड पास झाला साहेब, आता त्याले नोकरी लावून द्या. दुर्लक्ष केले.

६ एप्रिल
पाया खोदून झाला. तीन पाइप कमी पडतील. पाच केले. सुधारित एस्टिमेट एकतीस हजार. छिंदवाड्याला वरच्या ऑफिसात पाठवले. मंजुरीपर्यंत काम बंद. दादाराव म्हणाला, तीन टाकून देऊ, दोन मंग पाहू. तुकड्यातुकड्याने काम करणे हाच तो रोग. त्याला समजावले. तो तंबाखू मळत होता.

२९ मे
फाइल परत. पाचच का, अशी विचारणा. चार पानी उत्तर लिहिले. प्रमिलाने वाचले. यात नाला कुठं आहे, म्हणाली. बायकोला ऑफिसची भाषा कळत नाही.

२१ जून
नाल्याला पाणी. पाया बुजला. ही नैसर्गिक आपत्ती.

९ जुलै
मंजुरी आली. शेड उघडली. साठही पोती दगड झालेली. दादारावने एकावर टिचकी मारली. नवे दर धरून त्रेपन्न हजार. झोप लागत नाही.

१६ जुलै
सकाळीच जयवंता आला. गुलाबला कळा. पूर ओसरला, पण गाळात बैलगाडी रुतली. त्याने पोती मागितली. सरकारी माल, वरून लेखी परवानगी लागेल, असे सांगितले. दादारावने किल्ली उचलली. तुमी कागद लिहा साहेब, तवरीक आमी नेतो. अर्ज लिहून नाल्यावर गेलो, तेव्हा सगळी पोती गाळात ओळीने टाकलेली होती. त्यांवरून खाट पलीकडे गेली होती.

१९ जुलै
गुलाबला मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होते. जयवंता रस्त्यात दिसला. मान वळवून गेला.
पोती बरोबर पाइपांच्या जागी आहेत. आधी ती काढावी लागतील. एस्टिमेटमध्ये कलम वाढवले. दादारावला विचारले, मजूर किती मिळतील. म्हणाला, टाकाले सारी वस्ती आली होती साहेब. काढाले कोणी नाही येत.