आत्यांना पाठ झालेला निबंध

४ फेब्रुवारी १९९६, रविवार
इंदापूरला ओव्हाळ सरांकडे पहिला दिवस. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी ओट्यावर शिकायला चार-पाचजण होतेच. त्यांत मीच थोराड. चौतीस वय, बालवाडीची बाई, आणि बी.ए.च्या इंग्रजी पेपरात दोनदा आपटलेली. व्याकरण, वाङ्मयातल्या संज्ञा, निबंध. एवढा एकच पेपर राहिलाय. तो सुटला तर आमच्या पळसदेवच्या हायस्कुलात इंग्रजीची जागा आहे. हेडमास्तर जूनपर्यंत थांबतो म्हणालेत, पुढं नाही. आमचे हे म्हणाले, "ह्या खेपेला नाही झालं तर वह्या बंबात." चेष्टेनं म्हणाले. पण म्हणालेच.

सरांनी विचारलं, "नापास का झालात, बाई?" म्हटलं व्याकरण कच्चं. "ते सगळ्यांचंच असतं. निबंध कुठनं आणता?" गाईडातनं, आणखी कुठनं! सर नुसते हं म्हणाले.

११ फेब्रु.
सरांनी वही दिली. जाड, काळ्या पुठ्ठ्याची, पाठ चिकटपट्टीनं सांधलेली. एकेक संज्ञा, दोन ओळींत तिचा अर्थ सरांच्या अक्षरात, आणि खाली वर्षानुवर्षांच्या पोरापोरींची उदाहरणं. नियम एकच. वही परत देताना आपल्या घरातलं एक उदाहरण लिहायचं, खाली नाव आणि गाव. छापील चालत नाही.

उपमेखाली सोमेश्वरनगरचा कुणी: "आमचा बाप कारखान्याच्या भोंग्यासारखा, वेळ झाली की ओरडणार." आयरनीखाली आमच्याच गावची एक: "गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आणि आता नळाला पाणी नाही."

तीन गाईडं वाचून मला आयरनी कळली नव्हती. ह्या बयेनं एका ओळीत दाखवली. खाली नाव आहे, पण ओळखीचं नाही. दिसली तर पाया पडेन.

२५ फेब्रु.
सरांचं नवीन फर्मान. लिहिलेलं रोज मोठ्यानं वाचायचं, तेही घरातल्या इंग्रजी न येणाऱ्या माणसापुढं.
"त्यांना काय कळणार, सर?"
"अर्थ नाही कळणार. तुम्ही त्यात आहात का नाही, तेवढं कळतं."
आता आमच्या घरात असं माणूस म्हणजे आत्या, माझ्या सासूबाई. त्या शेंगा फोडत बसतात, मी समोर गाईडातली 'थंड हवेच्या ठिकाणाची सहल' वाचते. कसं वाटलं विचारलं.
"बरं हाय की. पोथीगत."

१३ मार्च
आज हसून हसून पोट दुखलं, आणि मग...

सकाळी गोठ्यात आत्या धार काढत होत्या. आतून आवाज, "इट वॉज अ प्लेझंट मॉर्निंग ऑफ विंटर." मी चाटच! पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं, अख्खा परिच्छेद. मी जिथं आवंढा गिळते तिथं आवंढासुद्धा.
"आत्या, अहो हे काय?"
"तुजंच की! रोज उठून त्येच. म्हशीलाबी पाठ झालं आसंल."

हे तर हसत हसत खालीच बसले. मीही हसले. मग भाकरी थापताना हसू गेलं. त्या सहलीतलं आत्यांना जेवढं कळतं तेवढंच मलाही कळतं. तो डोंगर त्यांनी पाहिला नाही, मीही नाही. आणि हे घेऊन मी दोनदा परीक्षेला गेले. लाज वाटली.

१७ मार्च, रवि.
सरांना सांगितलं. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. "पुढच्या खेपेला आत्यांचाच फॉर्म भरू."

मग आपलं सांगितलं. बी.ए.ला त्यांनी 'आमच्या घरची मेजवानी' पाठ केली होती. चांदीची ताटं, झुंबर. "घरी ताटं तीन आणि माणसं सात. प्रोफेसर खूश, वर्गात वाचून दाखवला. आई तेव्हा भिगवणच्या रानात खुरपत होती, तिचं एक अक्षर नव्हतं त्यात. मास्तर झालो त्याच वर्षी ही वही सुरू केली."

एवढा मोठा माणूस, हजारभर पोरं हाताखालनं गेलेली, माझ्यासारखीपुढं असलं सांगतो! येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. गाईड घरी आल्याबरोबर पेटीत.

१४ एप्रिल
सरांच्या वस्तीत सकाळपासून गडबड, निळे झेंडे, लाऊडस्पीकर. आज शिकवणी नाहीच, मी आपली नमस्काराला गेलेले. तरी पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात दारात उभं राहून माझे तीन परिच्छेद तपासले. क्रियापदांचे काळ अजून घसरतात. "घसरू द्या. तुम्ही दिसायला लागलात." खीर खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. गुरुवारी पेपर.

१८ एप्रिल, बारामती
आला! दोन वर्षं घोकलेला, मेला आजच आला. 'थंड हवेच्या ठिकाणाची सहल'. आणि त्याखाली दुसरा पर्याय, 'माझ्या घरातलं एक माणूस'.

दहा मिनिटं पेन उघडून नुसती बसले. पहिला लिहिला असता तर वीस मिनिटांत, बिनचूक. हात तिकडं जातही होता. दुसरा लिहिला. आत्या, गोठा, धार, आणि म्हशीला पाठ झालेलं इंग्रजी. शेवटचा परिच्छेद घाईत, तपासायला वेळच नाही.

एसटीत बसल्यावर भान आलं. कुठनं अवदसा आठवली मला?
घरी आल्यावर हे म्हणाले, "पाठ असलेला आला होता ना?"
"होता."
"मग?"
मी चहा टाकायला उठले.

२१ एप्रिल, रवि.
आठवेल तसा निबंध पुन्हा लिहून सरांना दाखवला. दोनदा वाचला. "नऊ चुका आहेत." कागद परत दिला. "माझ्याकडं तपासायला आला असता तर पास केला असता. पण माझ्याकडं येणार नाही, बाई."
खोटा धीर द्यायचा नाही, ही ह्या माणसाची रीत. मला आवडते. आज मात्र थोडा चालला असता.

१९ मे, रवि.
निकाल नाही. हेडमास्तर परवा रस्त्यात भेटले, "जून लागला की सांगतो," म्हणाले. कुणाला, ते म्हणाले नाहीत. धरणाचं पाणी खूप उतरलंय, बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर दिसायला लागलं.

वही परत द्यायची आहे, माझं उदाहरण अजून लिहिलेलं नाही. म्हणून दुपारी आत्यांपुढं तो परीक्षेतला निबंध वाचायला घेतला. कशावर आहे, काही बोलले नव्हते. त्यात आत्यांचं नावही नाही. त्या शेंगा फोडत होत्या. दुसऱ्या परिच्छेदाशी शेंगांचा आवाज थांबला.
"ह्यात मी हाय व्हय गं?"
"कुणी सांगितलं?"
"कुनी न्हाय. मला आपलं वाटलं."
मी मान हलवली. आत्यांनी सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला.
"पयल्यापास्नं वाच. सावकाश. ह्ये मला पाठ करायचं हाय."