अनुमोदक

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रज्ञा,

भुसावळला सगळे बरे असतील. तुझ्या सासरी सर्वांना माझा जयभीम सांग. इकडे परवा पोळा झाला. कपाशीला पात्या लागल्यात, पण मावा पडलाय, म्हणून हे रोज फवारणीला जातात.

महिनाभर तू माझा फोन उचलत नाहीस. कारण मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

१९ जुलैला आपल्या गावच्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक झाली. पालकांतर्फे मी सदस्य आहे. आधी संडासाच्या नळाचं, मग कुंपणाचं बोलणं झालं. शेवटी अध्यक्ष प्रेमराजभाऊ म्हणाले, "लिलामावशींचं वय झालं. खिचडीला आता दुसरी बाई पाहू."

तुझी आई चौदा वर्षं शाळेत रांधते. साठीचीही नाही ती. भरलेलं पातेलं अजून एकटी उतरवते. खोलीतल्या अकराही जणांना खरं कारण माहीत होतं. नऊ पोरं घरून डबा आणत होती. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं नको, असं त्यांच्या घरच्यांनी भाऊंच्या कानावर घातलं होतं. पण ते कुणीच बोललं नाही. हेडसरांनी ठराव लिहिला. सूचक प्रेमराजभाऊ.

"अनुमोदक कोण?" सरांनी विचारलं.

मग भाऊच म्हणाले, "मेघाताईंचं नाव टाका. शिकलेल्या आहेत."

मी होकाराची मान हलवली.

तू इथपर्यंत ऐकलं असशील. पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. त्या नऊ डब्यांतला एक माझ्या रूपालीचा होता. सासूबाई भरून द्यायच्या. मी बघायचे आणि घरात वाद नको म्हणून गप्प राहायचे. तुमच्या घरी अभ्यासाला बसून, तुझ्या आईच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन मी दहावी केली, हे, सासर गावातच असूनही, सासूबाईंना कधी सांगितलंच नाही मी.

सोमवारी वेणी घालताना रूपालीनं विचारलं, "आई, लिलामावशी गेली ना? मग आता मी शाळेत जेवू?"

आठ वर्षांची आहे ती. तिला आम्ही तोंडाने काहीच शिकवलं नव्हतं.

त्यानंतरही पंधरा ऑगस्टपर्यंत मी काही केलं नाही, तेही लिहून ठेवते. ग्रामसभेत मात्र उठले. म्हटलं, "ठरावात वयाचं कारण लिहिलंय, ते खोटं आहे. खरं कारण मला माहीत आहे, कारण माझ्याच घरून डबा जात होता."

प्रेमराजभाऊ म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर नाही."

मागच्या बायांतून सुगंधाबाई म्हणाली, "मंग आते ल्या पत्रिकावर." आणखी दोघी बाया उभ्या राहिल्या. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. बुधवारी समिती पुन्हा बसली आणि ठराव रद्द झाला. सहा विरुद्ध पाच.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले. तुझी आई दारात तूर निवडत होती. बस म्हणाली.

"सभामा तू बोलनी, ते मी ऐकं," ती म्हणाली. "पन तवय मान काब्र हालाई?"

तेव्हा का हलवली? मी तिच्या सुपातले खडे वेचू लागले. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "सोमवारपासून येसू मी. पोरेस्नं काय चुकनं?"

चहा घे म्हणाली नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

उद्या सोमवार. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. रूपालीला मी डबा देणार नाही, बाकीचे आठ बहुधा येतील. मधल्या सुट्टीत मीही जाऊन पोरांच्या पंगतीला बसणार आहे. तुझ्या आईनं वाढलं, तर जेवेन.

पत्राखाली 'तुझी' लिहायला हात धजत नाही. ते तू ठरव.

मेघा