आठ दिवस भट्टीपासून लांब

ता. ४, बुधवार

ती. आत्यास, भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावाच्या गाडीवाल्याने आज दुपारी दिलं. आधी हसलो, मग घाम फुटला. लग्नाच्या सह्या करताना चिडलेली दिसू नये म्हणून परवा भुवयांमधे इंजेक्शनं घेतलीस, झकास केलंस. तीस वर्षं डोळे बारीक करून बेकरीच्या भट्टीत बघितल्यावर आठ्या पडणारच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आठवडाभर उष्णता टाळा, म्हणून छत्री घेऊन घरी आलीस, तेही झकास. आणि पुढे लिहितेस की काल सकाळपासून भट्टीपाशीच आहे, उन्हात पाऊलसुद्धा टाकलं नाही! अगं बाई, भट्टी म्हणजे काय सावली आहे?

मी इथे स्टीमबाथच्या दारावर दिवसभर हेच करतो. टॉवेल द्यायच्या आधी विचारायचं, चेहऱ्याला सुई घेतली का? घेतली असेल तर आत सोडायचं नाही, कारण गरमीने तोंड लाल होतं, सूज चढते. परक्या लोकांना परत पाठवतो आणि माझी सख्खी आत्या भट्टीत तोंड घालून उभी! आधी डॉक्टरीणबाईंना फोन कर, हे पत्र मग पुरं वाच. कपाळ चोळू नको, दाबू नको. लग्नाला मी येतोच. सुट्टी नाही दिली तर ही नोकरीपण सोडेन, सवय आहे.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा भिंगरी

ता. १०, मंगळवार

चि. भिंगरीस, आत्याचे अ. उ. आ.

मेल्या, मला ओरडायला शिकलास! पण खरं सांगते, भट्टी गरम असते हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. माझ्या लेखी ती खोली म्हणजे घर. फोन केला. डॉक्टरीणबाईंनी बोलावून तपासलं. सूज नाही, पापणी जागेवर आहे, आता तरी लांब राहा म्हणाल्या.

मग पाव कोण भाजणार? तुझे होणारे काका, दुसरे कोण! घड्याळांचं दुकान दुपारपर्यंत बंद ठेवून डोळ्याला ते भिंग लावून भट्टीपुढे उभे राहतात. पहिल्या दिवशी सगळा कोळसा केला. मी दाराबाहेर खुर्ची टाकून ओरडत होते. आता कपाळ हलेनासं झालंय, तर माझं कुणी ऐकत नाही रे! कारागीर म्हणतो, मालकीणबाई, तुम्ही खूश दिसताय. मी संतापले होते.

सुट्टी मागून घे, भांडून नको. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे.

आत्या

ता. २२, रविवार

ती. आत्या आणि ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. नोकरी शाबूत आहे.

सह्यांच्या कचेरीत आपण सगळे बाकावर आणि काकांचाच पत्ता नाही. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा! तू गुळगुळीत कपाळाने शांत बसलेली बघून कारकून मला म्हणाला, किती सोशिक आहेत हो तुमच्या आत्या. आणि तू माझा दंड असा आवळला होतास की अजून निळा आहे.

मग काका आले ते कोपरापर्यंत पिठात, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, शेवटचा घाणा आत होता, कच्चा कसा काढू? असं आजवर फक्त तूच बोलायचीस. तिथेच तुझा राग फुटला तो हसण्यात.

फोटो धुऊन आला, सोबत पाठवतोय. कपाळ कसं आलंय ते कळायला मार्ग नाही. काका स्पष्ट आहेत, कारकून स्पष्ट आहे, टेबलावरचं पेनसुद्धा स्पष्ट आहे. तू तेवढी हसून हसून हललीस.

दोघांनी मिळून ओरडत जावं, एकट्या आत्याचं मला पुरत नाही.

तुमचा भिंगरी